ग्राइंडरच्या डिस्कवर छापलेला स्पीडचा आकडा काय सांगतो आणि तो का पाळायचा

अँगल ग्राइंडर आता फक्त वर्कशॉपमधली वस्तू राहिली नाही. पूर्वी तो फॅब्रिकेशनवाल्याकडे, फाउंड्रीत, नाहीतर फरशी-मार्बलवाल्यांकडे दिसायचा, आता दीड-दोन हजारात ऑनलाइन मिळतो, बॅटरीवाला पण मिळतो, शेतकरी घेतो, सोसायटीतला हौशी माणूस घेतो. मशीन घरी आलं पण त्याच्यासोबत जी माहिती यायला हवी ती काही आली नाही. डिस्क फुटल्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात, लोक हळहळतात आणि खाली ठरलेली प्रतिक्रिया असते, "डिस्क डुप्लिकेट असणार". डुप्लिकेट माल बाजारात आहे हे खरंच आहे, पण चांगल्या कंपनीची डिस्कसुद्धा फुटते, जर तिच्यावर छापलेल्या स्पीडपेक्षा तिला जास्त फिरवली तर. आणि तसं जास्त फिरवणं किती सोपं आहे, नकळत कसं होतं, ते बहुतेकांना माहीत नसतं.

या लेखात तो छापलेला आकडा समजून घेऊ. गणित थोडंसंच आहे, आणि जे आहे ते मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

## डिस्कवर दोन स्पीड का लिहिलेले असतात

चार इंची डिस्क हातात घ्या. तिच्यावर साइज असते, शंभर मिलिमीटर व्यास, सोळा मिलिमीटरचं मधलं भोक, आणि जाडी. त्याच्याजवळच कुठेतरी १५३०० किंवा त्याच्या आसपासचा आकडा असतो आणि त्याच्यापुढे आरपीएम. मग आणखी एक, ८० मीटर पर सेकंद.

आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरा आकडा सांगतो की डिस्कचा बाहेरचा काठ एका सेकंदात किती अंतर पळतो. याला पेरिफेरल स्पीड म्हणतात, मी इथून पुढे नुसतं काठाचं स्पीड म्हणतो. ८० मीटर पर सेकंद म्हणजे तासाला २८८ किलोमीटर. काठावरून तुकडा सुटला तर तो साधारण याच वेगाने निघतो.

आता मुद्दा असा की फेरे तेवढेच ठेवले आणि डिस्क मोठी लावली तर काठाचं स्पीड वाढतं, कारण एका फेऱ्यात काठाला जास्त अंतर कापायला लागतं. म्हणून मोठ्या डिस्कवर आरपीएम कमी छापलेला असतो. ८० मीटरच्याच हिशोबाने चार इंचीवर १५३०० च्या जवळपास, पाच इंचीवर १२२००, सात इंचीवर ८५०० च्या आसपास, नऊ इंचीवर ६६०० च्या आसपास आणि चौदा इंची चॉप सॉच्या व्हीलवर ४३०० च्या आसपास. आकडे वेगवेगळे दिसतात पण काठाचं स्पीड सगळीकडे तेच.

हिशोब करायला एक सोपी ट्रिक आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा आणि १९१०० ने भागा, उत्तर मीटर पर सेकंदात येतं. चार इंची मशीन ११००० ला फिरतं असं धरलं तर १०० गुणिले ११००० भागिले १९१००, म्हणजे साधारण ५७.६. डिस्कची मर्यादा ८०, मशीन देतंय ५७.६, म्हणजे व्यवस्थित बसतंय.

काही डिस्कवर रंगाचा पट्टा पण असतो. युरोपियन स्टँडर्डप्रमाणे निळा म्हणजे ५०, पिवळा ६३, लाल ८० आणि हिरवा १०० मीटर पर सेकंद.

## पण दगडासारखी कडक वस्तू नुसती फिरवून फुटते कशी?

गोफण फिरवलेली असेल तर हे लगेच कळेल. गोफणीत खडा घालून फिरवायला लागलं की दोरी हाताला ओढते, आणि जसजसा जोर वाढवाल तसतशी ती ओढ वाढत जाते. खडा बाहेर पळायला बघतो, दोरी त्याला धरून ठेवते. दोरी सोडली की खडा वर्तुळात फिरत बसत नाही, ज्या क्षणी सुटला त्या दिशेला सरळ जातो. ग्राइंडिंग व्हीलमध्ये प्रत्येक कण म्हणजे असा खडा आहे आणि त्याला धरून ठेवणारी दोरी म्हणजे व्हीलमधला बाँड.

बाँड म्हणजे कण एकमेकांना चिकटवणारा मसाला. बेंच ग्राइंडरच्या करड्या, हिरव्या किंवा पांढऱ्या दगडांमध्ये तो मातीसारखा सिरॅमिक असतो, भट्टीत भाजून पक्का केलेला, त्याला व्हिट्रिफाइड म्हणतात. हाताच्या ग्राइंडरच्या डीसी व्हीलमध्ये (मध्यभागी खोलगट असलेली घासायची जाडी डिस्क) आणि कटिंग व्हीलमध्ये तो रेझिनचा असतो आणि आत फायबरग्लासची जाळी घातलेली असते. दोन्ही प्रकार दाबाला भरपूर टिकतात, पण ओढीला, ताणाला कमजोर असतात. खडूसारखं, दाबून फुटत नाही, वाकवला की कट्‍कन मोडतो. आणि फिरणाऱ्या व्हीलवर नेमकी ओढच पडते, सगळीकडून बाहेरच्या दिशेने, आणि सगळ्यात जास्त ताण येतो मधल्या भोकाच्या कडेला. म्हणून व्हील फुटलं की बऱ्याचदा भोकापासून चिरा जाऊन दोन, तीन, चार मोठे तुकडे होतात, नुसता काठ उडून भागत नाही.

ही ओढ किती असते त्याचा अंदाज यावा म्हणून, वरचंच चार इंची मशीन ११००० ला घ्या. काठावरच्या फक्त एक ग्रॅम मालाला बाहेर खेचणारा जोर निघतो साधारण पावणेसात किलो. हे नॉर्मल चालताना, काही चूक नसताना. रोज वापरणाऱ्याला ती डिस्क शांत फिरताना दिसते आणि आत हा ताण सतत चालू असतो.

## थोडंसं जास्त स्पीड झालं तर काय बिघडतं

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. स्पीड २० टक्के वाढलं तर ताण २० टक्के वाढेल असं वाटतं, पण ताण स्पीडच्या वर्गाने वाढतो. १.२ गुणिले १.२ म्हणजे १.४४, म्हणजे ताण ४४ टक्क्यांनी वाढला. स्पीड दीडपट केलं तर ताण सव्वादोनपट, दुप्पट केलं तर चौपट. बाँडची ताकद मात्र आहे तेवढीच राहते, ती काही स्पीडबरोबर वाढत नाही.

मग लोक म्हणतात की कंपनी मार्जिन ठेवतच असेल ना. ठेवते, आणि चांगली कंपनी व्हील छापलेल्या स्पीडपेक्षा जास्त फिरवून तपासते पण. मात्र ते मार्जिन आपल्याला हौसेने खर्चायला दिलेलं नाहीये. ते वेगळ्या कामासाठी राखून ठेवलेलं असतं. व्हील टेम्पोतून येताना हादरे खातं, गोडाउनमध्ये पावसाळा काढतं, काम करताना आडवा दाब येतो, कटमध्ये अडकतं, एका बाजूने तापतं. या सगळ्याला पुरून उरायला ते मार्जिन असतं. ते स्पीडमध्येच संपवलं तर बाकीच्या गोष्टींना काही शिल्लक राहत नाही, आणि मग एखादा किरकोळ धक्का पुरतो.

## "गार्ड काढला की सात इंची बसते, माझं काम लवकर होतं"

हे मी सगळ्यात जास्त तळमळीने सांगतो कारण साइटवर हा प्रकार सर्रास दिसतो. चार इंची मशीनला गार्ड, म्हणजे डिस्कवरचा पत्र्याचा आडोसा, अडतो म्हणून गार्ड काढायचा आणि मोठी डिस्क लावायची, खोल कट मिळतो, मोठं मशीन घ्यायला नको. आकडे बघा. १८० गुणिले ११००० भागिले १९१००, साधारण १०४ मीटर पर सेकंद. डिस्कची मर्यादा ८०. स्पीड जवळपास ३० टक्के जास्त, ताण सुमारे ६८ टक्के जास्त. काठ तासाला ३७० किलोमीटरच्या वर पळतोय, आणि तुकडा उडाला तर त्याला अडवायला जो एकमेव पत्रा होता तो आपणच काढून टाकलाय. डिस्क फुटायची शक्यता वाढवली आणि फुटल्यावर वाचायची शक्यता घालवली, दोन्ही एकाच वेळी.

मग पाच इंची लावली तर? खरं सांगायचं तर नुसत्या स्पीडच्या हिशोबात पाच इंची बसते. १२५ गुणिले ११००० भागिले १९१०० म्हणजे ७२, ते ८० च्या आत आहे. पण बाकी काहीच बसत नाही. चार इंची मशीनचा स्पिंडल, म्हणजे डिस्क बसवायचा आट्यांचा दांडा, एम १० (१० मिलिमीटरचा), डिस्कचं भोक १६ मिलिमीटर. पाच इंचीपासून पुढे भोक २२.२३ मिलिमीटर. मग मध्ये वॉशर नाहीतर कुठूनतरी कापलेली रिंग घालून ती सेंटरला बसवायचा प्रयत्न होतो, ती नेमकी सेंटरला येत नाही, डिस्क हलत फिरते आणि गार्ड तर निघालेलाच असतो. भोक वेगळं ठेवलंय याचा अर्थच असा घ्यायचा की ही डिस्क या मशीनची नाही.

मोठ्या मशीनवर घासून घासून चार इंचाची झालेली सात इंची डिस्क लहान मशीनला लावायची, ही पण एक सवय आहे, फुकट जाऊ नये म्हणून. तिच्यावर ८५०० छापलंय आणि मशीन ११००० चं आहे, भोक पण जुळत नाही, त्यामुळे ती भंगारातच टाकायची.

## लाकडाचं ब्लेड ग्राइंडरला चालतं का

दुकानदार विकतो, व्हिडिओत पण दाखवतात, त्यामुळे लोकांना वाटतं चालत असेल. दातेरी ब्लेडवर पण कमाल आरपीएम छापलेला असतो आणि सात इंची लाकडाच्या ब्लेडवरचा आकडा चार इंची ग्राइंडरच्या ११००० च्या बराच खाली असतो. म्हणजे ते पहिल्याच कसोटीला नापास. समजा एखादं चार इंची ब्लेड स्पीडमध्ये बसलं तरी लाकडात दाता अडकतो आणि मशीन हातातून उसळून मागे येतं. सर्क्युलर सॉला खाली सपाट पाया असतो जो लाकडावर टेकतो, ग्राइंडरला तसं काही नसतं, सगळा झटका दोन हातांवर येतो. माझं स्पष्ट मत आहे की लाकूड कापायला ग्राइंडर वापरायचाच नाही, त्यात तडजोड नको.

## "लोड आला की स्पीड पडतंच की"

पडतं. पण डिस्क लोखंडाला टेकायच्या आधी आणि उचलल्यानंतर मशीन मोकळं फिरतं आणि तेव्हाच सगळ्यात जास्त फिरतं. म्हणून मशीनच्या प्लेटवरचा नो लोड स्पीड बघायचा आणि तो डिस्कवर छापलेल्या आरपीएमपेक्षा कमी असायला पाहिजे. एवढा एक नियम लक्षात राहिला तरी हाताच्या मशीनचं बहुतेक काम झालं.

स्पीड कंट्रोल असलेल्या मशीनबद्दल पण विचारतात, डायल कमी ठेवला तर मोठी डिस्क चालेल का. नाही. डायल बाहीला घासून सुद्धा फिरतो, दुसरा माणूस येऊन वाढवतो. हिशोब कायम मशीनच्या जास्तीत जास्त स्पीडवर करायचा.

हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरमध्ये अजून एक भानगड असते. आत स्पीड धरून ठेवणारा गव्हर्नर असतो, लाइनमध्ये पाणी आलं, गंज चढला, कचरा अडकला की तो नीट काम करत नाही आणि मशीन प्लेटवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पळतं. हे कानाला कळतंच असं नाही, टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, लावूनच कळतं. अशी मशीनं जिथे आहेत तिथे मोजायची ठरलेली तारीख हवी, आणि हवेचं प्रेशर पण कंपनीने सांगितलंय तेवढंच.

## बेंच ग्राइंडर आणि पेडेस्टलचं काय

बेंच ग्राइंडर टेबलावर बसवतात, पेडेस्टल म्हणजे जमिनीवर खांबावर उभा केलेला मोठा ग्राइंडर. इथे मर्यादा वेगळी आहे. व्हिट्रिफाइड दगडांची मर्यादा साधारण ३३ ते ३५ मीटर पर सेकंद असते, हाताच्या डिस्कच्या निम्म्याहून कमी, कारण त्यात जाळी नसते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दोन पोलची मोटर (पोल म्हणजे मोटरमधले चुंबकी ध्रुव, ते जास्त असले की मोटर हळू फिरते) मिनिटाला ३००० च्या थोडं खाली, २८५० च्या आसपास फिरते. आठ इंची दगड म्हणजे २०० मिलिमीटर, काठाचं स्पीड येतं २९.८. बसतंय. दहा इंची लावला की ३७.३, आता बसत नाही. म्हणूनच मोठ्या पेडेस्टल ग्राइंडरला चार पोलची १४४० ची मोटर येते, बारा इंची दगडाला ती २२-२३ मीटर पर सेकंद देते आणि काम निवांत चालतं.

आता समजा ती मोटर जळली. रिवाइंडिंगला चार दिवस लागणार, काम थांबलंय, शेजारच्या गाळ्यात एक मोटर पडलेली आहे, तेवढ्याच हॉर्सपॉवरची, शाफ्ट पण जुळतोय. बसवली. कुणी पोल बघितले नाहीत. ती २८५० ची निघाली. बारा इंची दगड आता ४५ मीटर पर सेकंदाला फिरतोय, मर्यादा ३३. ताण मर्यादेपेक्षा ८४ टक्के जास्त. चालू करणारा माणूस नेहमीसारखा समोर उभा आहे. यात कुणी निष्काळजीपणा केला असं कुणालाच वाटणार नाही, सगळ्यांनी काम चालू व्हावं म्हणून धडपड केली, पण एक आकडा कुणी तपासला नाही.

साइटवर जनरेटर असेल तर अजून एक. इंडक्शन मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, जनरेटरचं इंजिन जास्त पळालं की हर्ट्झ वाढतात आणि दगड पण त्याच प्रमाणात जास्त फिरतो. हाताच्या अँगल ग्राइंडरची कार्बन ब्रशवाली मोटर वेगळी, ती व्होल्टेजवर पळते, व्होल्टेज जास्त आलं तर तिचं स्पीड वाढतं.

## झिजलेल्या दगडाची पुली आणि नवा दगड

कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यात, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, प्रत्येक फाउंड्रीत फेटलिंग असतं. कास्टिंग साच्यातून निघालं की त्याला चिकटलेला जादा माल, रायझरचे (साच्यातल्या जादा धातूच्या खांबांचे) बुडखे, पार्टिंग लाइनच्या, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथल्या, कडा, हे सगळं घासून काढायला लागतं आणि ते घासतात मोठ्या दगडांवर. तिथला हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात प्रत्येक पायरी शहाणपणाची वाटते आणि तरी शेवट घातक होतो.

समजा ४०० मिलिमीटरचा नवा दगड आहे, मर्यादा ३३ मीटर. मशीन १५७५ आरपीएमला फिरतंय, बरोबर मर्यादेवर. महिनाभरात दगड झिजून २५० झाला. फेरे तेवढेच पण व्यास कमी झाला म्हणून काठाचं स्पीड २०-२१ वर आलं. दगड नीट कापेना, लवकर झिजायला लागला. स्पीड कमी झालं की दगड मऊ असल्यासारखा वागतो, कण पटापट सुटतात, हे कारागिराला हाताला जाणवतं. मग तो फोरमनला सांगतो आणि मशीनची पुली बदलून फेरे वाढवतात, २५०० च्या आसपास. आता २५० च्या दगडाला काठाचं स्पीड पुन्हा ३३. इथपर्यंत सगळं बरोबर आहे, काही मशीनला यासाठी मुद्दाम दोन-तीन पायऱ्यांची पुली दिलेली असते.

दगड संपला. दुसऱ्या शिफ्टला दुसरा माणूस आला, त्याने नवा ४०० चा दगड बसवला आणि मशीन चालू केलं. पुली तशीच. ४०० गुणिले २५०० भागिले १९१००, म्हणजे ५२ च्या वर. ताण अडीचपट.

पहिल्या माणसाने चूक केली नाही, दुसऱ्याने पण जे रोज करतो तेच केलं. पुली बदलल्याची गोष्ट पहिल्या शिफ्टच्या डोक्यात राहिली, मशीनवर कुठे लिहिली गेली नाही. म्हणून नियम असा हवा की नवा दगड बसवायच्या आधी पुली खालच्या स्पीडवर आणायची आणि मगच दगड हातात घ्यायचा. काही मशीनला अशी रचना असते की मोठा दगड असताना गार्डच पुली सरकवू देत नाही, नवीन मशीन घेताना हे विचारून घ्या. व्हीएफडी, म्हणजे मोटरचं स्पीड कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, लावलेल्या मशीनला तर पुलीला हात पण लावायला लागत नाही, बटण दाबलं की झालं, त्यामुळे तिथे जास्तीत जास्त स्पीड लॉक करून ठेवणं अजून गरजेचं.

## स्पीड बरोबर असूनही फुटली, असं का होतं

होतं, कारण छापलेला आकडा चांगल्या, न तडकलेल्या, नीट बसवलेल्या व्हीलसाठी असतो.

व्हिट्रिफाइड दगड तपासायला जुनी पद्धत आहे, आवाजाची. दगड कोरडा आणि पुसलेला पाहिजे. भोकात बोट घालून लटकवायचा, मोठा असेल तर स्वच्छ फरशीवर उभा करायचा, आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने किंवा लाकडी दांड्याने हळूच टिचकी मारायची, काठापासून इंच-दोन इंच आत, उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूला पंचेचाळीस अंशावर. मग दगड थोडा फिरवून परत. चांगला दगड खणखणीत वाजतो. आत तडा असेल तर आवाज बसका, फुटक्या माठासारखा येतो. तसा आला की तो दगड वापरायचा नाही, डोळ्याला तडा दिसो न दिसो. आणि तो कोपऱ्यात ठेवू नका, फोडून टाका, नाहीतर संध्याकाळी कुणीतरी घाईत तोच बसवतो. रेझिनच्या डिस्कला ही चाचणी पुरेशी नाही, त्या मुळातच खणखणीत वाजत नाहीत, त्यांना नजरेने बघायचं, कड चिरलेली आहे का, वाकलीय का, जाळी सुटलीय का.

रेझिनच्या डिस्कला मुदत असते हे फार कमी लोकांना माहीत आहे. भोकाभोवतीची पत्र्याची रिंग नीट बघा, अनेक डिस्कवर तिच्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, युरोपियन पद्धतीत साधारण तीन वर्षांची मुदत देतात. रेझिन दमटपणा ओढतं आणि बाँड कमजोर होतो. आपल्या कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डिस्क ओल्या भिंतीला टेकून ठेवली तर तिचं काय होत असेल विचार करा. कोरड्या जागी, आडवी, सपाट ठेवायची, आणि आधी आलेला माल आधी वापरायचा.

दगडाच्या दोन्ही बाजूला गोल कागदाचं लेबल चिकटवलेलं असतं. ते जाहिरातीचं समजून सोलून काढणारे लोक आहेत. ते काढायचं नाही. फ्लँज, म्हणजे दगडाला दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्या, आणि दगड यांच्यामध्ये ते गादीचं काम करतं, दाब सगळीकडे सारखा पसरवतं. फ्लँज दोन्ही बाजूला सारख्या व्यासाचे हवेत, दगडाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश, आणि नट बेताचा आवळायचा, पाइप लावून नाही. पेडेस्टलचं टूल रेस्ट, म्हणजे जॉब टेकवायची पट्टी, दगडापासून ३ मिलिमीटरच्या आत ठेवायचं, दगड झिजेल तसं पुढे सरकवत राहायचं, नाहीतर जॉब त्या फटीत ओढला जातो आणि दगड तिथेच फुटतो.

कटिंग व्हीलने घासायचं नाही, हे तर सांगायलाच हवं. ती एक-दोन मिलिमीटर जाडीची असते, आडवा दाब तिला झेपत नाही. घासायला जाडी डीसी व्हील किंवा फ्लॅप डिस्क. आणि पाइप कापताना दोन्ही टोकं टेकवून मधोमध कापू नका, कट खोल गेला की पाइप मधून खाली वाकतो, फट मिटते आणि डिस्क चिमटीत सापडते. एक टोक मोकळं ठेवा म्हणजे कट उघडत जातो.

दगडावर पाणी सोडून चालणाऱ्या सरफेस ग्राइंडरवाल्यांनी एक करावं, काम झालं की आधी कूलंट, म्हणजे ते थंडाव्याचं पाणी, बंद, मग दगड थोडा वेळ मोकळा फिरवून पाणी उडू द्यायचं आणि मग मशीन बंद. उभ्या दगडात पाणी खालच्या अर्ध्या भागात उतरून बसतं आणि सकाळी चालू केलं की एक बाजू जड असते.

## "एवढी वर्षं करतोय, काही झालं नाही"

अनुभवाला मी कमी लेखत नाही, आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणारे लोक आपल्याकडे आहेत. पण व्हील फुटणं हे आधी कुरबुर करून, धूर काढून मग होत नाही. तडा जातो तो एका क्षणात पूर्ण जातो, कारण ओढ आधीपासून तयारच असते. ज्याच्याकडे दहा वर्षं काही झालं नाही त्याच्या प्रत्येक डिस्कचं मार्जिन शाबूत होतं एवढंच त्यातून कळतं, पुढच्या डिस्कबद्दल काही कळत नाही.

त्यामुळे नवीन व्हील बसवलं की गार्ड लावून, बाजूला उभं राहून, निदान एक मिनिट मोकळं फिरू द्यायचं. बाजूला म्हणजे डिस्क ज्या रेषेत फिरते त्या रेषेतून बाहेर, तुकडे त्याच रेषेत जातात. शेजारी काम करणारा पण त्या रेषेत नको. चष्म्यावर फेस शिल्ड घाला, पण फेस शिल्ड ठिणग्या आणि बारीक कणांसाठी आहे, सात इंची डिस्कचा पाव तुकडा ते अडवत नाही. तो गार्डच अडवतो.

## कायदा यावर काय म्हणतो

हे काही आजचं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३० फिरत्या मशिनरीबद्दल होतं आणि ते सुरूच ग्राइंडिंगपासून व्हायचं. त्यात म्हटलं होतं की जिथे ग्राइंडिंग चालतं तिथे प्रत्येक मशीनवर किंवा मशीनजवळ कायमचा बोर्ड हवा, त्यावर व्हीलचं जास्तीत जास्त सुरक्षित काठाचं स्पीड, स्पिंडलचं स्पीड आणि त्यासाठी लागणाऱ्या पुलीचा व्यास. आणि बोर्डावरच्या स्पीडपेक्षा जास्त चालवायचं नाही. पुलीचा व्यास का लिहायला सांगितला होता हे वरचं फाउंड्रीचं उदाहरण वाचल्यावर लगेच कळेल. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखाने अधिनियम सामावून घेतलाय आणि ती संहिता २०२५ मध्ये लागू झाली, पण व्हीलचं विज्ञान तेच आहे, बोर्डाची गरज पण तीच.

मला वाटतं ही जबाबदारी मालकाची आणि कॉन्ट्रॅक्टरची आहे, हेल्परची नाही. ज्या पोराला कामाला लागून आठवडा झालाय त्याला जी डिस्क हातात दिली ती तो लावणार. त्याच्या हातात सात इंची डिस्क आणि चार इंची मशीन एकदम येऊच नये ही व्यवस्था वरच्या माणसाने करायची. मोठ्या मशीनच्या डिस्क वेगळ्या कपाटात ठेवल्या, गार्ड काढायची चावी सुपरवायझरकडे ठेवली, तरी खूप फरक पडतो.

छोटं वर्कशॉप असलं तरी बोर्ड करायला एक पत्रा आणि मार्कर पेन पुरतो. मशीनचं नाव, दगडाचा जास्तीत जास्त व्यास, दगडावर छापलेला आरपीएम, मशीनचा मोजलेला आरपीएम, पुलीचा व्यास आणि मोजल्याची तारीख. साधा डिजिटल टॅकोमीटर हजाराच्या आसपास मिळतो, शाफ्टवर चमकणाऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा, लांबून लाइट मारायचा, आकडा दिसतो. मोटर बदलली, पुली बदलली किंवा जनरेटर बदलला तर जुना आकडा पुसायचा, दगड न बसवता मशीन मोकळं फिरवून पुन्हा मोजायचं, आणि नवा आकडा बोर्डावर लिहिल्याशिवाय दगड बसवायचा नाही.